पाटीवरचं नाव

परवा भाच्यानं जपानहून एक फोटो पाठवला. ताटात ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेला जाडसर तुकडा, शेजारी अगदी बारीक चिरलेला कोबी, भात आणि वाटीत पातळ सूप. खाली लिहिलेलं, ‘मावशी, हे डुकराचं मांस आहे, आईला सांगू नकोस!’ मला मात्र बघताक्षणी वाटलं, हे तर आपलं कटलेट. आणि निघालंही तसंच. ‘कटलेट’चं जपानी जिभेवर ‘कात्सुरेत्सु’ झालं, पुढं नुसतं ‘कात्सु’. ‘तोन’ म्हणजे डुक्कर, म्हणून ‘तोनकात्सु’. जिंकण्यालाही तिकडं कात्सुच म्हणतात, त्यामुळं परीक्षेच्या तोंडावर मुलांना ते आवर्जून खाऊ घालतात. आपण हातावर दही-साखर ठेवतो ना, तसंच.

भाचा जेवला ते ‘तोंकी’ हे टोकियोच्या मेगुरो भागातलं हॉटेल १९३९ सालचं. इतकी वर्षं मुख्य पदार्थ एकच, हे कात्सु. त्याला याचंच नवल! मला नाही वाटलं. आमच्या नायगावात देगलूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक काकू सत्तावीस वर्षांपासून फक्त आलूबोंडाच तळतात. पहाटे चारला उठून बटाटे उकडायचे, बेसनात सोडा न घालता कडकडीत तेलाचं मोहन घालायचं, पिठाचा थेंब कढईत सोडून तो किती वेळात वर येतो यावरून आच ठरवायची. सोबत तळलेली मिरची. नांदेडला निघालेली माणसं एसटी चुकली तरी चालेल म्हणून थांबलेली मी पाहिली आहेत.

पण पाटीवर नाव काकांचं. गल्ल्यावर तेच बसत. दोन वर्षांपूर्वी काका गेले आणि मग कळलं, की गॅस त्यांच्या नावावर, बँकेतलं खातं त्यांचं, अन्नपदार्थ विक्रीची नोंदणीही त्यांचीच. काकू कर्जासाठी एका बँकेत गेल्या, तर साहेबांनी विचारलं, ‘धंदा तुमचा आहे कशावरून?’ हातावर तेलाचे डाग घेऊन ती बाई समोर उभी, आणि हा प्रश्न! मी सोबत होते. मलाही लगेच उत्तर सुचलं नाही, याचा राग अजून जात नाही.

मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांचंही असंच होतं. राबायच्या त्या आणि व्याज सावकाराला. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बायकांच्या स्वतःच्या नावावर बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्याला पन्नास वर्षं झाली. २०१५ पासून मुद्रा योजनेतलं पन्नास हजारांपर्यंतचं शिशु कर्ज तारणाशिवाय मिळतं. तरी धंदा आपला आहे हे दाखवायला कागद लागतो, आणि तो नवरा जिवंत असताना, घरात सगळं गोडीत असतानाच करून घ्यायचा असतो. ‘आत्ताच कशाला?’ असं ऐकून घ्यावं लागेल. ऐकून घ्या. पण नोंदणी स्वतःच्या नावानं करा, माल घेतल्याची बिलं स्वतःच्या नावानं फाडून घ्या, रोजचा गल्ला स्वतःच्या खात्यात जाऊ द्या.

काकूंचं खातं आता झालंय. नोंदणीही झाली. बचत गटानं तेलाचे दोन डबे उधार दिले, ते पैसे त्यांनी तीन महिन्यांत फेडले.

राहिली पाटी. पेंटर येऊन गेला, तर काकू म्हणाल्या, ‘त्यांचं नाव पुसलं तर लोक म्हणतील, नवरा गेल्याची वाटच बघत होती.’ मी म्हटलं, पुसू नका, खाली तुमचं लिहा. त्या गप्प बसल्या. मग पेंटरला हळूच विचारलं, ‘अक्षरावर पैसे घेतोस की पाटीवर?’

तो सोमवारी येणार आहे.