आधी आडोसा, मग शॉवर

ह्या वीकांताला खरं तर दुसरंच काहीतरी लिहायचं होतं, पण शुक्रवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये झालेली चर्चा काही डोक्यातून जाईना. टीममधल्या दोघांना कॅम्परव्हॅनचं खूळ लागलंय. गाडी भाड्याने घ्यायची, मागे गाद्या टाकायच्या आणि मन रमेल तिथे मुक्काम ठोकायचा. हॉटेल नाही, लॉज नाही, विजेचं कनेक्शन नाही. उत्तम! आणि मग अर्धा तास चर्चा कशावर, तर आंघोळीसाठी पोर्टेबल शॉवर कुठला घ्यायचा. यूएसबीवर चार्ज होणारा की बारा व्होल्टचा? काळी सोलर पिशवी की पायाने दाबायचा पंप? एकाने तर एक्सेल शीटच केली होती. (आम्ही आयटीवाले. भाजी आणायला जातानाही शीट करतो. हलके घ्या.)

शीटमध्ये अकरा रकाने होते. लिटर, वजन, प्रेशर, किंमत, बॅटरी, लोकांनी दिलेले तारे... पण एक रकाना नव्हता. त्या एका रकान्यासाठी हा लेख.

स्पष्टच सांगतो. पोर्टेबल शॉवरबद्दलची बहुतेक चर्चा फालतू आहे. प्रवासातल्या आंघोळीचा प्रश्न पंपाचा नाहीच. थोडा पाण्याचा आहे, थोडा उष्णतेचा आहे, आणि मुख्यतः आडोशाचा आहे. इंजिनियरिंगच्या चार वर्षांत हे मला कोणी शिकवलं नाही. दीपनगरच्या क्वार्टरमध्ये आईने दोन मिनिटांत शिकवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दीपनगर म्हणजे भुसावळजवळची औष्णिक वीज केंद्राची वसाहत. बाबा तिथे नोकरीला, म्हणून मी तिथेच वाढलो. (२००५ साली महानिर्मिती झाली तरी बाबांच्या तोंडी अजून एमएसईबीच.) चिमण्यांच्या सावलीत लहानपण गेलं की दोन गोष्टी कळतात. एक, दोरीवरचे कपडे वेळेत काढले नाहीत तर राख बसते. दोन, आंघोळ ही चैन नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात घालवत नाही इतकं तापतं, आणि संध्याकाळी राख-घाम धुतल्याशिवाय जेवण जात नाही.

तर गोष्ट मागच्या डिसेंबरची. मी, धाकटी बहीण, एक मित्र आणि वहिनी असे चौघे पुण्याहून गाडी घेऊन निघालो. पहिला मुक्काम कन्नडच्या बाजूला, पितळखोऱ्याच्या अलीकडे. दुसरा घाट उतरून चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या वाटेवर, ओळखीतल्या एका शेताच्या बांधावर. तिसऱ्या दिवशी दीपनगर, आणि पुढे सातपुड्यात पालला जायचा बेत. आमच्याकडेही यूएसबी शॉवर होता. पुण्यात बाल्कनीत टेस्ट केलेला! बादलीत पंप सोडायचा, बटण दाबायचं, मस्त फवारा. दोन्ही सकाळी आम्ही दोघे पुरुष बांधावर उभे राहून, शेकोटीवर तापवलेल्या पाण्याने, गाणी म्हणत आंघोळ करून मोकळे. फोटोही काढले.

त्या दोघींनी दोन दिवस आंघोळ केली नाही. "थंडी आहे रे, नको," म्हणाल्या. आम्ही मान डोलावली. चार कोसांवर माणूस नाही असं आम्हाला वाटत होतं. त्यांना मात्र बांधावरून जाणारा गडी, रस्त्यावरची मोटरसायकल, पलीकडच्या शेतातली बॅटरी, सगळं दिसत होतं.

दीपनगरला पोचलो. बहीण चपला काढून थेट न्हाणीघरात. पाऊण तास बाहेर नाही. आईच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, "दोन हजारांचं यंत्र घेतलं ना तुम्ही? मग दीडशे रुपयाची एक चादर नाही घेता आली? तिची पाळी सुरू आहे, माहीत आहे का तुला?"

नव्हतं माहीत. (हे तिला विचारूनच लिहितोय.) दोन दिवस मी शॉवरच्या बॅटरीचे टक्के मोजत होतो.

आता थोडं गणित, कारण रात्री बाबांनी पाटी-पेन्सिल काढलीच. (पॉवर हाऊसचा माणूस. काहीही विचारा, उत्तर युनिटमध्ये मिळतं.) दहा लिटर पाणी दीड मीटर वर चढवायला लागणारी ऊर्जा साधारण दीडशे ज्यूल. म्हणजे काहीच नाही. तेच दहा लिटर पाणी वीस अंशांवरून चाळीस अंशांवर न्यायला लागतात सुमारे आठ लाख चाळीस हजार ज्यूल, म्हणजे जवळपास पाव युनिट वीज. दोन्हींत पाच हजार पटींहून जास्त फरक! आणि जाहिरात कशाची? पंपाची. जो भाग फुकटात होतो तो विकायचा, आणि जो अवघड आहे त्याबद्दल अवाक्षर नाही.

बारा व्होल्टची शंभर अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे सव्वा युनिटच्या आत. साधी लेड-ॲसिड असेल तर निम्मीच वापरावी, नाहीतर लवकर मरते. म्हणजे जेमतेम अडीच बादल्या. इन्व्हर्टर लावून घरचा दीड हजार वॅटचा रॉड चालवू म्हणाल, तर बॅटरीतून सव्वाशे अँपिअर ओढावे लागतील. मनगटाएवढ्या वायरी आणि जळका वास, एवढंच हाती लागेल. चौघांच्या आंघोळीचं पाणी बॅटरीवर तापत नाही. विषय संपला.

मग पर्याय काय? एकेक घेऊ.

काळी सोलर पिशवी. कल्पना छान, आणि खानदेशच्या उन्हात ती चालतेही. पण पाणी तापतं दुपारी आणि आंघोळ असते पहाटे. उन्हाळ्यात नेमकं उलटं, आपल्याला पाणी गार हवं असतं. शिवाय वीस लिटरची पिशवी म्हणजे वीस किलो. टांगणार कुठे? आणि एक मीटर उंचीने मिळतो फक्त ०.१ बार दाब. धार नाही, ठिबक सिंचन. (ते केळीला पुरतं, माणसाला नाही.)

टपावरचा काळा पाइप. चार इंची, दोन मीटरच्या पाइपात सुमारे पंधरा लिटर मावतं. काही हौशी लोक त्यात टायरच्या पंपाने हवा भरून प्रेशर काढतात. पीव्हीसी पाइपात दाबाची हवा कधीही भरू नका. फुटला तर त्याच्या चिरफळ्या उडतात.

गॅसचा गीझर. उघड्यावर ठीक. बंद गाडीत किंवा बंद तंबूत अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत त्याला कळत नाही.

आणि आता आमच्या गावाकडचा पर्याय, जो कुठल्याच शीटमध्ये नसतो: फवारणीचा पंप. पाठीवर घ्यायचा, सोळा लिटरचा, बॅटरीवर चालणारा. केळी-कापसाच्या पट्ट्यात घरोघरी दिसतो, आणि नळी, चावी, चार्जर सगळं त्यातच. पुढचं नोझल बदलून झारीसारखं बसवलं की झाला शॉवर. बिघडला तर तालुक्याच्या कोणत्याही कृषी केंद्राजवळ दुरुस्त होतो. फक्त पंप कोरा हवा. औषध मारलेला पंप दहा वेळा धुतला तरी आंघोळीला वापरायचा नाही. २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली, तीही कातडी आणि श्वासावाटेच. इथे गंमत नको.

आणि सगळ्यात शेवटी, म्हणजे खरं तर सगळ्यात आधी, बादली आणि तांब्या. शॉवर चालू केला की वाहत राहतो. तांब्या तुम्ही उचलला तरच पाणी पडतं. दहा लिटरमध्ये साबण लावून, डोकं सोडून पूर्ण आंघोळ होते. पाव बादली शेकोटीवर उकळायची, बाकीची गार मिसळायची. ह्या यंत्राला चार्जिंग लागत नाही.

पण हे सगळं दुय्यम. मूळ मुद्दा आईचा. ती एका वर्षी मुक्ताईच्या पालखीबरोबर चालली होती. कोथळी-मुक्ताईनगरहून निघालेली पालखी पंढरपूरला पोचायला महिन्याच्या वर लागतो. म्हणजे महिनाभर विजेच्या कनेक्शनशिवाय, गाडीत गादी नाही की काही नाही. मी विचारलं, "मग आंघोळीचं काय करायचात?" म्हणाली, "पहाटे तीनला उठायचं. टँकरची एक बादली घ्यायची. चौघी चार बाजूंनी लुगडं धरून उभ्या, एक आत. मग नंबर बदलायचा. बॅटरी लावायची नाही, लावली तर सावली दिसते. आमच्याकडे पंप नव्हता रे, पण एकमेकी होतो."

आडोशात दिवा लावला की कपड्यावर सावली पडते! ही गोष्ट मला कुठल्या प्रॉडक्ट रिव्ह्यूमध्ये वाचायला मिळाली नसती.

आता ह्यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत. पहिला: "मग त्यांनी बोलायचं ना!" बरोबर. पण आपण बांधावर उघडे उभे राहून गाणी म्हणत असताना, त्या 'मजे'त पाणी ओतायला कोण बोलेल? ज्याला अडचण नाही त्याने विचारायचं असतं. दुसरा: "पेट्रोल पंपावर असतं की सगळं." संडास असतो, तोही कधी कुलपात. न्हाणी असलीच तर पहाटे ट्रकवाल्यांची रांग असते, आणि त्या रांगेत टॉवेल घेऊन बहिणीला उभं करा बघू. तिसरा: "प्रायव्हसी टेंट मिळतो." मिळतो, मग आधी तो घ्या. शीटमध्ये त्याचा रकाना का नव्हता, एवढाच माझा प्रश्न आहे.

आणि जरा गाडीबाहेरही बघू. दीपनगरला लागूनच जुना सहा नंबरचा, आताचा त्रेपन्न नंबरचा महामार्ग जातो. राख भरायला येणारे बल्कर तिथे तासन्‌तास थांबतात. त्यांचे ड्रायव्हर पंक्चरच्या दुकानाच्या नळावर, टमरेलाने, चड्डीवर आंघोळ करतात. मी लहानपणापासून बघतोय, आणि त्याला कधी कोणी 'ऑफ-ग्रिड लाइफ' म्हटलेलं ऐकलं नाही. तेच आम्ही केलं तर फोटो काढतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बैलगाड्यांतल्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीतल्या बायका सहा-सहा महिने उघड्यावर काढतात. पुरुषाला नळ पुरतो, बाईला भिंत लागते. फरक एवढाच, आणि तो अजून कोणी भरून काढलेला नाही.

२०२१ साली महाराष्ट्राने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगलं आहे, पार्क व्हावेत, तिथे पाणी-वीज मिळावी. २०२४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी महामार्गांवर चालकांसाठी एक हजार विश्रांतिगृहांची घोषणा केली. तीही चांगली. पण पर्यटकाला वेगळं, ड्रायव्हरला वेगळं आणि दिंडीला टँकर, अशी वाटणी कशाला? 'सुलभ'वाल्यांनी १९७०च्या दशकातच दाखवून दिलं की पैसे घेऊन स्वच्छ संडास-न्हाणी चालवता येते. महामार्गावर ठरावीक अंतराने बायकांसाठी चार आणि पुरुषांसाठी चार न्हाण्या, आतून कडी, कपडे टांगायला खुंटी, सांडपाण्याला शोषखड्डा आणि राखायला पगारी माणूस. वीस-तीस रुपये घ्या. कॅम्परव्हॅनवाला देईल, ड्रायव्हर देईल, वारकरी बाईकडून घेऊ नका. आपण आयटीवाल्यांनी आवाज करायचाच असेल, तर तो पार्कमधल्या चार्जिंग पॉइंटसाठी नको, ह्याच्यासाठी करू.

तोवर गाडीत काय न्यायचं? गडद रंगाच्या दोन जाड चादरी, सुतळी, चिमटे. मागचा दरवाजा वर उघडणारा असेल तर तोच छप्पर. चादरीचा खालचा काठ वाऱ्याने उडू नये म्हणून दगड. कोरडे कपडे टांगायला एक हुक (हा विसरतोच आपण). पाय चिखलात जाऊ नयेत म्हणून प्लास्टिकचा पाट. नदी-ओढ्यापासून साठेक मीटर लांब, कारण 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेला साबणही मातीत जिरतो, वाहत्या पाण्यात नाही. मग बादली-तांब्या. आणि सगळ्यात शेवटी, पैसे उरलेच तर, पंप.

पालला आम्ही असंच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करायला आम्ही दोघे पुरुष, आणि गरम पाण्याचा पहिला नंबर त्या दोघींचा. शॉवर पिशवीतच राहिला.

असो. सोमवारी ऑफिसात गेलो की त्या शीटमध्ये बारावा रकाना घालणार आहे. घालणार शेवटी, पण ओढून पहिला करणार.

ता.क. आंघोळीसाठी फवारणीचा नवा पंप घेतलात तर त्यावर ऑइलपेंटने मोठ्या अक्षरात 'फक्त पाणी' लिहा. गावाकडे घरात पंप दिसला की कोणीतरी तो शेतात नेतोच, आणि परत आणून जागेवर ठेवताना सांगत नाही.