‘खुसखुशीत’ म्हणजे काय? : सिनेमाविषयक विनोदी लेखन आणि त्याचा वृत्तपत्री स्वीकार

मराठी वृत्तपत्रांच्या रविवार पुरवणीत विनोदी पुस्तकाची जागा जवळपास ठरलेली असते. मुखपृष्ठाचे छोटे चित्र, पृष्ठसंख्या, किंमत आणि दीडएकशे शब्द. त्या शब्दांत ‘खुसखुशीत’ एकदा, ‘निखळ’ एकदा, आणि अखेरीस पुस्तक संग्रही ठेवावे व इष्टमित्रांना भेट द्यावे अशी शिफारस. विषय सिनेमाचा असेल तर ‘रंजक किस्स्यां’ची भर पडते. अशा मजकुराला परीक्षण म्हणण्याची रूढी पडली आहे. वस्तुतः तो मिठाईच्या खोक्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीचाच एक प्रकार आहे.

शिरीष कणेकर (१९४३–२०२३) यांच्या सिनेमाविषयक लेखनाचा स्वीकार हा या व्यवहाराचा ठळक दाखला होय. ‘यादों की बारात’, ‘फिल्लमबाजी’, ‘गाये चला जा’ ही पुस्तके वाचली गेली, भेटीदाखल दिली गेली. ‘माझी फिल्लमबाजी’ या एकपात्री कार्यक्रमातून त्यांतला बाज सभागृहांत ऐकला गेला. जुलै २०२३ मध्ये कणेकरांचे निधन झाल्यावर वृत्तपत्रांनी भरभरून लिहिले. पण बव्हंशी तीच विशेषणे भूतकाळी क्रियापदांसह परतली.

याचे एक कारण व्यवहारात आहे. कणेकरांचे बरेचसे लेखन मुळात वृत्तपत्री स्तंभलेखन. जी पुरवणी स्तंभ छापते, तिच्याच शेजारच्या पानावर त्या स्तंभांच्या संग्रहाची ओळख येते. वृत्तपत्र येथे स्वतःच्याच निवडीला दुसऱ्यांदा मान डोलावत असते. नापसंतीला तेथे वाव नसतो, आणि जेथे नापसंती अशक्य आहे तेथे पसंतीलाही अर्थ उरत नाही. जेरार झनेत यांनी १९८७ च्या ग्रंथात मुखपृष्ठ, मलपृष्ठ, मुलाखती, जाहिराती अशा संहितेभोवतीच्या उंबरठ्यांचा विचार केला. मराठी पुरवणीतील परिचय हा असा उंबरठाच आहे. फरक इतकाच की वाचकाला तो ओलांडण्याची गरजच भासू नये, अशी त्याची रचना असते.

त्या उंबरठ्याआड काय राहिले, हे शीर्षकावरूनही सांगता येते. ‘चित्रपट’ हा शब्द ग्रंथांचा, ‘सिनेमा’ सर्वांचा. ‘फिल्लम’ मात्र पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकाचा. जोडाक्षर फोडून, ‘ल’ दुणावून केलेला तो उच्चार शिक्षित वाचकाच्या हाती जाणाऱ्या पुस्तकाच्या माथ्यावर बसतो, आणि ‘भाषणबाजी’, ‘शेरेबाजी’ यांतला किंचित हेटाळणीचा ‘बाजी’ त्याला जोडला जातो. म्हणजे लेखक ज्या वेडाची थट्टा करतो त्यात तो स्वतःलाही गोवून घेतो. हा निवेदक समीक्षक नाही, पडद्यामागचा साक्षीदारही पुरता नाही. तो तिकीट काढून बसलेला इसम आहे. मराठीत प्रेक्षक या व्यक्तिरेखेला इतक्या सातत्याने गद्याचा नायक क्वचितच कोणी केले असेल. ‘खुसखुशीत’ या शब्दाने यातले नेमके काय कळते?

दोष केवळ पत्रकारांचा मानणे सोयीचे, पण खोटे. विद्यापीठीय समीक्षेने या लेखनाबाबत पाळलेले मौन आणि पुरवणीतील कौतुक ही एकाच गृहीतकाची दोन रूपे आहेत. विनोद हा हलका, सिनेमा हा उसना. तेव्हा दोहोंच्या संयोगाला विचार लागत नाही, असे ते गृहीतक. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) वाङ्मयीन इतिहासात याची गमतीदार साक्ष मिळते. या शहरात इंग्रजी शिकवून गेलेल्यांत भालचंद्र नेमाडे आहेत आणि मधुकर तोरडमलही आहेत. ‘टीकास्वयंवर’वर चर्चासत्रे होतात, ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’चा विषय निघताच प्राध्यापक मंडळी हसतात आणि चहाला उठतात. १९९७ चे साहित्य संमेलन नगरला ना. सं. इनामदार यांच्या अध्यक्षतेखाली झाले. पुढच्या वर्षी परळीत तो मान द. मा. मिरासदारांना, म्हणजे एका विनोदकाराला मिळाला खरा, पण तो ग्रामीण कथेच्या पुण्याईवर. ‘एक डाव भुताचा’शी असलेले त्यांचे नाते तळटीपेतच राहिले.

नगरच्याच मातीतला आणखी एक दाखला अधिक बोलका आहे. शाहू मोडक यांचा जन्म अहमदनगरचा. ‘प्रभात’च्या ‘माणूस’मध्ये (१९३९) त्यांनी पोलीस शिपाई गणपतची भूमिका केली. त्याच चित्रपटात व्ही. शांताराम यांनी तत्कालीन बॉम्बे टॉकीज धर्तीच्या प्रणयदृश्यांचे विडंबन घातले आहे. सिनेमाने सिनेमाची केलेली ही थट्टा चित्रपट-अभ्यासक गंभीरपणे नोंदवतात, आणि ते योग्यच आहे. तेच काम कागदावर झाले की ते प्रवासात वाचण्याजोगे ठरते!

याची किंमत कोण मोजतो? जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचे वाचनालय. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेणाऱ्या अशा ग्रंथालयाला नव्या पुस्तकाची वार्ता पुरवणीतूनच लागते. पुस्तक विकत घेतले जाते, ‘विनोदी’ कपाटात जाते, झिजेपर्यंत वाचले जाते. त्याच गावचा पदव्युत्तर विद्यार्थी मराठी प्रेक्षकाच्या अभिरुचीवर प्रबंध लिहू लागला, तर संदर्भासाठी त्या कपाटाकडे जावे असे त्याला कोणी सांगत नाही.

शिवाय खऱ्या परीक्षणाने कणेकरांना अडचणीतही आणले असते. लता मंगेशकर, दिलीपकुमार, तलत महमूद यांच्या काळाला सुवर्णयुग मानून पुढच्या सर्वच काळावर ओढलेला आसूड; व्यक्तीच्या लकबीवर, दिसण्यावर सहज सरकणारा विनोद; एकच गोष्ट रंगमंचावर आणि पुस्तकात फिरवून सांगण्याने येणारा शिळेपणा. स्मरणरंजन हे या लेखनाचे बळ, आणि त्याच्या विनोदाची धार बोथट करणारी सवयही तीच. वाचकाने या लेखकाशी भांडायला हवे होते. भेटवस्तूशी कोणी भांडत नाही.