आधी अटी, मग एआय

पुण्यात एआयबद्दल बोलणारे सध्या दोनच पक्ष ऐकू येतात. एक म्हणतो, काही होत नाही, संगणक आला तेव्हाही अशीच ओरड झाली होती. दुसरा म्हणतो, सगळं संपलं, मुलांना इंजिनिअरिंगला घालू नका. क्लासच्या सेमिनारमध्ये पहिला पक्ष बोलतो, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा. मला दोघांचंही म्हणणं मान्य नाही. दोघांच्या बोलण्यात यंत्र आहे, बाजार आहे, नशीब आहे. नोकरीचा करार मात्र कुठेच नाही.

पहिल्या पक्षाचं म्हणणं दुबळं नाही, म्हणून ते आधी नीट मांडायला हवं. टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र १९८१ साली टाटांच्याच टीसीएस या सॉफ्टवेअर कंपनीचे प्रमुख फकीरचंद कोहली यांच्या पुढाकारानं पुण्यात उभं राहिलं. प्रोग्रॅमचा बराचसा भाग यंत्रानंच लिहावा यासाठीची साधनं तिथं तयार झाली. ‘मास्टरक्राफ्ट’ हे त्यातलं गाजलेलं नाव. १९८८ साली सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था आली, १९९१ मध्ये तिचा ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. यंत्र कोड लिहू लागलं म्हणून टीसीएसची भरती थांबली नाही, ती वाढतच गेली. सॉफ्टवेअर स्वस्त आणि झटपट मिळू लागलं की गिऱ्हाईक जास्त मागतं, हा त्यामागचा साधा हिशेब. त्याच हिशेबावर हिंजवडी, खराडी आणि मगरपट्टा उभे राहिले, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या हजारो घरांत पहिला पगारदार माणूस तयार झाला. हे उपकार नाकारण्याचं काही कारण नाही.

पण ‘संगणक आला तेव्हा’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा बँक असते, आणि बँकेची गोष्ट ते अर्धीच सांगतात. बँकांत संगणक नुसता येऊन बसला नाही, त्याच्यासाठी करार झाले. १९८३ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रं आणण्याबद्दल करार झाला. १९८७ आणि १९९३ मध्ये पुढचे झाले. यंत्रं किती, कुठं, कोणत्या कामाला, चालवणाऱ्याला भत्ता किती, हे सगळं टेबलावर बसून ठरलं. संघटनांचा हट्टीपणा म्हणून तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना झोडपलं. त्याच हट्टीपणामुळे लेजरवर आयुष्य काढलेल्या कारकुनाला टर्मिनलवर बसायला शिकण्याइतकी वर्षं मिळाली. पुढे २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आणि एक लाखाहून जास्त माणसं बाहेर पडली. म्हणजे ‘कुणाचं काही गेलं नाही’ हेही खरं नाही. मात्र जाणाऱ्याला नोकरीच्या दर वर्षामागे साठ दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यातली कमी असेल ती रक्कम मिळाली. गेल्या कामाची किंमत मोजली गेली.

अटी नसताना काय होतं तेही महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्याच जमिनीवर लोअर परळच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्या इमारतींत नोकऱ्या तयार झाल्या, पगारही गिरणीपेक्षा चांगले होते. शहराचा ताळेबंद काढला तर तो जमेचाच दिसेल. साचेवाल्याला मात्र त्यातली एकही खुर्ची मिळाली नाही. तो गावी गेला, वॉचमन झाला, म्हाडाच्या सोडतीची वाट बघत म्हातारा झाला. ‘नव्या नोकऱ्या येतीलच’ असं जेव्हा कुणी ठणकावून सांगतो तेव्हा मी विचारतो: कुणाला, कुठं आणि किती वर्षांनी?

आता आजच्या पुण्याकडे येऊ. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं जाहीर केलं की सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार, आणि तीही मुख्यतः मधल्या व वरच्या फळीतली. जूनअखेर कंपनीत ६,१३,०६९ माणसं होती, सप्टेंबरअखेर ५,९३,३१४ उरली. पुण्यातल्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेनं राज्य सरकारकडे तक्रार केली की एकट्या पुण्यात सुमारे अडीच हजार जणांना राजीनामा द्यायला लावलं. कंपनीनं ते नाकारलं. कंपनीच्या प्रमुखांनी असंही सांगितलं की ही कपात एआयमुळे वाढलेल्या उत्पादकतेमुळे नाही. कौशल्य जुळत नाही, काहींना प्रकल्पावर लावता येत नाही, हे कारण आहे. त्यांचा शब्द मी जसाच्या तसा मान्य करतो. आणि इथंच त्या सर्वत्र ऐकू येणाऱ्या उपदेशाकडे वळतो: तुमची नोकरी एआय घेणार नाही, एआय वापरणारा माणूस घेईल, तेव्हा शिका.

शिकायचं, पण कधी? त्याच कंपनीनं जून २०२५ पासून नियम केला की प्रत्येकानं वर्षात किमान २२५ दिवस बिलिंगवर असावं आणि बेंचवर, म्हणजे प्रकल्पाविना, जास्तीत जास्त ३५ दिवस. आयटीत काम करणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ज्या दिवसाचे पैसे गिऱ्हाईक देत नाही तो दिवस तुमच्या खात्यावर डाग म्हणून नोंदला जातो. आता पंधरा-सोळा वर्षं नोकरी झालेली, वाकडला फ्लॅटचे हप्ते भरणारी एक मॉड्यूल लीड नजरेसमोर आणा. जुन्या विमा कंपनीची जुनी प्रणाली तिनं दहा वर्षं जिवंत ठेवली, कारण कंपनीनंच तिला तिथं ठेवलं. प्रकल्प संपला, ती बेंचवर आली. दिवसभर अंतर्गत मुलाखती, संध्याकाळी ऑनलाइन कोर्स, आणि घड्याळ चालू. पस्तिसाव्या दिवशी तिला सांगितलं जातं की तुमचं कौशल्य जुळत नाही. दहा वर्षं ते न जुळू देण्याचा निर्णय कुणाचा होता, हे त्या खोलीत कुणी विचारत नाही. लाखो कर्मचाऱ्यांना एआयचं प्राथमिक प्रशिक्षण दिल्याचं कंपनी अभिमानानं सांगत होती. तरीही कपात झालीच. तेव्हा प्रमाणपत्र मिळवलं की नोकरी सुरक्षित, ही समजूत आता सोडून द्यायला हवी.

दुसरा पक्ष निराशेचा. त्याचं खंडन थोडक्यात होतं. एआयचे जनक म्हणून ज्यांना मान मिळतो त्या जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये सांगितलं होतं की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आताच थांबवा, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल. आजही रेडिओलॉजिस्ट हवेच आहेत. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ‘मीटर’ या संस्थेनं १६ अनुभवी प्रोग्रॅमरांवर प्रयोग केला. एआय वापरल्यावर त्यांना कामाला १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि आपण २० टक्के वेगानं काम केलं असं मात्र त्यांना वाटत होतं. छोटाच प्रयोग, साधनंही रोज सुधारताहेत. पण ‘सगळं संपलं’ हे सिद्ध झालेलं नाही एवढं त्यातून नक्की कळतं. निराशेवरचा माझा खरा आक्षेप वेगळा आहे. कपात म्हणजे नियती असं एकदा मान्य केलं की ती करणाऱ्याला जाब विचारायचं कारणच उरत नाही.

एका गोष्टीची काळजी मात्र मला मनापासून वाटते, आणि दोन्ही पक्ष तिच्यावरून घाईनं पुढे जातात. ती म्हणजे नवी मुलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२५ मध्ये अमेरिकेच्या वेतन-नोंदी तपासल्या. एआय जिथं सर्वात जास्त शिरलं आहे त्या कामांत २२ ते २५ वयाच्या मुलांचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्के घटलेला दिसला. त्याच कामांतली अनुभवी माणसं बहुतांशी टिकून होती. फ्रेशरचं पहिलं वर्ष कसं जातं? कुणीतरी आठ वर्षांपूर्वी लिहिलेला कोड वाचायचा. लॉगच्या ओळी चाळत बसायचं. किरकोळ बगचं तिकीट सोडवायचं, टेस्ट केस लिहायच्या. मग सीनिअर त्यात लाल खुणा करतो, का चुकलं ते सांगतो, आणि पोरगं पुन्हा लिहितं. नेमकं हेच काम आता यंत्राकडून करून घेणं सोयीचं झालं आहे. त्या कामाचं बिल गिऱ्हाईकाला लागायचं, पण त्यातून जो माणूस घडायचा त्याची नोंद कुठल्याच बिलात नव्हती. पहिलं वर्षच काढून टाकलं तर दहा वर्षांनी यंत्राची चूक पकडणारा सीनिअर आणणार कुठून?

आता मंडन. माझं म्हणणं एका वाक्यात असं: एआय कामावर आणण्याआधी त्याच्या अटी लेखी ठरल्या पाहिजेत, आणि त्या ठरवताना कर्मचारी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेला असला पाहिजे.

ही मागणी अजिबात नवी नाही. औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली ‘९-अ’ हे कलम घातलं गेलं. कामाच्या पद्धतीत अशी सुधारणा करायची असेल की जिच्यामुळे कपात होण्याची शक्यता आहे, तर मालकानं आधी नोटीस द्यावी आणि २१ दिवस थांबावं, हे त्यात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद कायम आहे. त्याच संहितेत पुनर्कौशल्य निधी आहे: कपात केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकानं पंधरा दिवसांचं वेतन त्यात भरायचं. रक्कम तोकडी आहे, पण तत्त्व मोलाचं आहे. अडचण अशी की हे सगळं ‘कपात’ झाली तर मिळतं, आणि आयटीत कागदोपत्री कपात होतच नाही. तिथं राजीनामे होतात. शिवाय कोड लिहिणाऱ्याच्या पदनामात कुठंतरी ‘मॅनेजर’ चिकटवलेलं असतं, म्हणून तोही स्वतःला कामगार समजत नाही. पदनामावरून नव्हे, प्रत्यक्ष कामावरून कामगार ठरतो, ही न्यायालयांची जुनी भूमिका आहे. तांत्रिक काम करणारा कायद्यातल्या कामगाराच्या व्याख्येत बसतो आणि त्याला पगाराची मर्यादा लागू नाही.

म्हणून पहिली अट: कंपनीच्या सांगण्यावरून दिलेला राजीनामा कपातच धरला जावा, आणि एआयसाठी काम बदलताना २१ दिवसांची नोटीस खरोखर दिली जावी. दुसरी अट नव्या मुलांसाठी. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे; तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. भोसरीतला कारखानदार आयटीआयच्या पोराला कानसपासून शिकवतो. हिंजवडीनं अडीच टक्क्यांवर भागवू नये. जितकं काम यंत्राकडे जाईल तितका हा आकडा पंधराकडे सरकला पाहिजे.

तिसरी अट मी पुण्याच्या भुसार बाजारातून घेतो. पन्नाशीच्या दशकात नाना-भवानी पेठेत हमाल पाठीवर शंभर किलोचं पोतं वाहत होता. त्याला कायमचा मालक नव्हता. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. आजारी पडला की चूल बंद. कामगारनेते बाबा आढावांनी हमाल पंचायत ही संघटना उभी केली, पोत्याचं वजन निम्म्यावर यावं म्हणून लढा दिला, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रानं माथाडी कायदा केला. त्यात मंडळ असतं. कामगार, मालक आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. हमालाची नोंद व्यापाऱ्याकडे नाही, मंडळाकडे होते. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस तिथून मिळतो. गाळा बदलला तरी हक्क बदलत नाहीत. एका प्रकल्पावरून दुसऱ्यावर, एका कंपनीतून दुसरीत, मधे चार महिने रिकामं बसणाऱ्या इंजिनिअरला नेमकं हेच हवं आहे. एआयमधून जी बचत होते तिच्यावर लेव्ही, आणि त्या पैशातून बेंचवरच्या महिन्यांचं वेतन आणि भरपगारी शिक्षण. अॅपवर काम घेणाऱ्या डिलिव्हरीच्या मुलापासून घरून भाषांतराच्या फायली दुरुस्त करणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना हा साचा लागू पडू शकतो.

यावर दोन आक्षेप येतात. माथाडीच्या नावाखाली चाकण-रांजणगावात खंडणी चालते, हा पहिला. ती चालते, आणि ती करणाऱ्यांना तुरुंगातच टाकलं पाहिजे. पण बोगस डॉक्टर सापडले म्हणून कुणी दवाखाने बंद करत नाही. दुसरा आक्षेप: कंपन्या पुणे सोडून जातील. कंपन्या इथं आल्या त्या इथल्या कॉलेजांतून निघणाऱ्या मुलांसाठी, चांदणी चौकातल्या आणि हिंजवडीच्या वाहतुकीसाठी नव्हे. कामगार संहिता देशभर एकच आहे, तेव्हा नोटीस टाळण्यासाठी दुसऱ्या राज्यात पळून काही साधत नाही.

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यात ज्या कुणाला एचआरची तातडीची मीटिंग लागली असेल, त्यानं चार गोष्टी कराव्यात. पुढे केलेल्या कागदावर तिथंच सही करू नये. विचार करायला वेळ हवा असं ईमेलनं कळवावं. काढण्याचं कारण लेखी मागावं. आणि संघटनेशी किंवा शिवाजीनगरच्या कामगार आयुक्त कार्यालयाशी बोलूनच उत्तर द्यावं. सही झाली की तो राजीनामा ठरतो, आणि तो आपल्याकडून जबरदस्तीनं घेतला हे सिद्ध करण्याचं ओझं मग तुमच्यावर येतं.