आखाजी म्हणा, आणि आधी हिशोब पुरा करा

वैशाख शुद्ध तृतीया जवळ आली की चाळीसगावच्या स्टेशन रोडवर सराफांचे फलक लागतात. वर्तमानपत्रांची पहिली पानं सोन्याच्या जाहिरातींनी भरतात. सगळीकडे शब्द एकच असतो : अक्षय्य तृतीया. मला सोन्याबद्दल तक्रार नाही. जळगाव जिल्ह्यात राहून सोन्याला नावं कशी ठेवू? लेकीच्या लग्नासाठी थोडं थोडं घेऊन ठेवणाऱ्या आया मी जन्मभर पाहिल्या आहेत. पण खानदेशात या दिवसाला आखाजी म्हणतात, आणि आखाजी म्हणजे सोनंखरेदी नव्हे. शब्द बदलला की त्याच्या पोटातली माणसंही हळूहळू दिसेनाशी होतात. म्हणून हे लिहिते आहे.

शब्दाचं मूळ अवघड नाही. संस्कृतातल्या 'क्ष'चा आपल्या बोलींत 'ख' होतो, जसं लक्षचं लाख झालं. तृतीयेची तीज होते. राजस्थानात आखातीज म्हणतात, गुजरातेत अखात्रीज. खानदेश या दोन्ही मुलखांच्या वाटेवरचा. आमच्या अहिराणीनं मधला 'ती' टाकला आणि आखाजी उरलं. लेवा बोलीत तेच आखजी. शेवटचा 'जी' हा आदराचा नाही, तो तिजेतला 'ज' आहे. तरी बोलणारे तिच्याबद्दल बोलतात ते घरी येणाऱ्या बाईबद्दल बोलावं तसंच : 'आखाजी उनी', म्हणजे आखाजी आली. अख्खं या अर्थाचा 'आखा' मात्र अक्षतपासून आला, अक्षय्यपासून नव्हे. एकाचा अर्थ न तुटलेलं, दुसऱ्याचा न सरणारं. लोकांच्या कानाला दोन्ही एकच वाटतात, आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही.

ही तिथी प्रत्येक मुलखानं आपल्या कामाप्रमाणे वापरली. जैन परंपरेत ऋषभदेवांनी दीर्घ उपवास याच दिवशी हस्तिनापुरात उसाच्या रसानं सोडला, म्हणून तिथे दानाला महत्त्व. ओडिशात शेतकरी या दिवशी बियाण्याची पहिली मूठ टाकतो आणि पुरीत जगन्नाथाचे रथ बांधायला सुरुवात होते. आमच्याकडे या दिवशी शेताचं साल संपतं आणि नवं साल लागतं.

सालदार हा शब्द शहरातल्या वाचकाला कदाचित सांगावा लागेल. वर्षभरासाठी एका शेतकऱ्याकडे बांधलेला गडी म्हणजे सालदार. त्याचं वर्ष आखाजी ते आखाजी. माझे वडील सालदार होते. गिरणाकाठच्या गावांत त्यांनी ऐन उमेद घालवली. कपाशी वेचून झालेली, ज्वारी घरात आलेली, नांगरट व्हायची, पावसाला अजून अवकाश : अशा मोकळ्या वेळी हा व्यवहार बसवलेला आहे. ओट्यावर दोन-चार वडीलधारे बसत. ज्वारी किती, रोख किती, कपडे आणि वहाणा मिळणार का, यावर बोलणं होई. मग मागच्या सालाचे खाडे निघत. वडील तापानं पडले ते दिवस, आजी गेली तेव्हा गावाला गेले ते दिवस, सगळे कापले जात. वर उचल. म्हणजे लग्नाला, दवाखान्याला आगाऊ घेतलेले पैसे. हिशोब मालकाच्या वहीत असे आणि वही मालकाच्या घरात. वडिलांना वाचता येत नव्हतं. एका सालाअखेर त्यांच्याकडेच बाकी निघाली आणि पुढचं अख्खं साल त्याच घरी काढावं लागलं. मी तेव्हा चौथीत होते. घरी परतल्यावर ते काही बोलले नाहीत. आईनं मात्र रात्रभर माझ्याकडून बेरजा करून घेतल्या.

साल मोडलं की घरही मोडायचं. नव्या मालकाच्या गावी जायचं तर निघणं आखाजीच्याच सुमाराला. गावातल्या मुली निंबाला झोके बांधत, लाकडाची गौराई मांडून गाणी म्हणत, आणि आम्ही भांडी गोधडीत बांधत असू. 'औंदा कोनाकडे ऱ्हाशी?' हा प्रश्न माझ्या मैत्रिणी मला विचारत. आपण पुढच्या वर्षी कोणत्या गावात असू, हे त्यांच्या लेखी ठरलेलंच होतं.

तरीही मला आखाजी आवडते, आणि त्याचं कारण आई. सासुरवाशिणीला आखाजीला माहेरी आणायचं हा इथला रिवाज. मामा तिला न्यायला यायचा. वर्षभर दुसऱ्याच्या बांधावर निंदणारी ही बाई आखाजीला झोक्यावर उभी राहून इतक्या मोठ्यानं गायची की आम्हा मुलांना ती अनोळखी वाटे. बहिणाबाई चौधरींनी 'आखजी' या नावाचीच कविता लिहिली आहे. जळगावजवळच्या आसोद्याच्या या लेकीची कविता पुस्तकरूपानं १९५२ मध्ये आली, त्या गेल्यानंतर. शाळेत शिकवताना मी ती कविता घेतली की वर्गातल्या मुली सरसावून बसत, कारण त्यांच्या घरातला शब्द पुस्तकात छापलेला असे.

घागर भरण्याबद्दल थोडंच सांगते, कारण खानदेशातल्या प्रत्येक घराला ते ठाऊक आहे. पितरांच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरायची, त्यावर डांगर आणि आंबे ठेवायचे, चुलीतल्या निखाऱ्यावर आगारी, म्हणजे पितरांचा घास, टाकायची, आणि मग खापरावरच्या पुरणपोळीबरोबर आमरस खायचा. पितरांना दिल्याशिवाय आंबा तोंडाला लावायचा नाही, हा नियम आमची आजी कडक पाळे. वैशाखातल्या उन्हात गेलेल्यांची तहान आठवायची, ही कल्पना ज्यानं कुणी काढली त्याला शेती आणि ऊन दोन्ही कळत होतं.

पाणी पितरांना, झोका लेकीला, हिशोब गड्याला. खानदेशच्या आखाजीत हे सगळं एका दिवसात बसतं, आणि ते देण्याचं आहे. जाहिरातीतली अक्षय्य तृतीया घेण्याची आहे. दोन्ही नावं एका तिथीची असली तरी वजन वेगळं पडतं.

कुणी म्हणेल, संस्कृत नाव शुद्ध, बोलीतलं गावंढळ. त्याला उत्तर इथल्याच एका दगडावर आहे. चाळीसगावापासून जवळच पाटणला देवीच्या देवळातला शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढला, त्याची ही नोंद, शके ११२८ ची. त्यात वंशाची थोरवी संस्कृतात आहे आणि मठाला काय काय द्यायचं ते मराठीत. आठशे वर्षांपूर्वी इथल्या माणसांना कळत होतं की देणंघेणं लोकांच्या बोलीतच लिहावं लागतं, नाहीतर ते बुडतं.

ट्रॅक्टर आले, सालदार कमी झाले. आता सालानं राहायला बरेचदा सातपुड्यातली पावरा आणि बारेला कुटुंबं येतात. त्यांची भाषा वेगळी, गाव दूर, हिशोबाच्या वेळी त्यांच्या बाजूनं बोलणारं ओट्यावर कुणी नाही. उचल फेडण्यासाठी माणसाला अडकवून ठेवणं १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं गुन्हा आहे, आणि शेतमजुराला किमान वेतन देणं कायद्यानं बंधनकारक आहे. तोंडी सालात हे दोन्ही कायदे विरून जातात. शेतकरीही कपाशीच्या भावानं पिचलेला आहे, हे मला मान्य आहे. माझी निम्मी आप्तमंडळी शेती करतात. पण भाव पडला म्हणून गड्याचे खाडे वाढवायचे, हे मला मान्य नाही.

म्हणून दोन मागण्या. खानदेशातल्या संपादकांनी आणि शाळांनी या दिवसाला छापील मजकुरात आखाजी म्हणावं, कंसात नव्हे, मथळ्यात. आणि ज्यांच्याकडे सालदार आहे त्यांनी या आखाजीला सराफाकडे जाण्याआधी त्याचा हिशोब पुरा करावा : कागदावर, त्याच्या बायकोमुलांसमोर वाचून दाखवून, आणि एक प्रत त्याच्या हातात देऊन.