कोर्टाचे ताशेरे वाचून टाळ्या वाजवू नका, महापालिकेचं दप्तर उघडा!



औरंगाबाद खंडपीठाने पाण्याच्या प्रश्नावर महापालिकेला झापलं की दुसऱ्या दिवशी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कात्रणं फिरतात. "बरं झालं, जिरली यांची!" दोन दिवस चर्चा होते, मग पुढची तारीख लागते. तोवर वस्तीत आठवड्यातून एकदा पाणी, आणि गुंठेवारीच्या वस्त्यांत तर टँकरची वाट बघत उभे असलेले ड्रम. जिरली नेमकी कोणाची, हे एकदा बाईमाणसांना विचारा. लाइनमन व्हॉल्व्ह कधी सोडणार याचा अंदाज घेत रात्री त्याच जागतात.

या शहराच्या पाण्याचा इतिहास म्हणजे कागदांचा इतिहास आहे. समांतर जलवाहिनी २००६ पासून गाजतेय. सुरुवातीला सुमारे ३६० कोटींची असलेली योजना खासगी भागीदारीत गेली आणि ७९२ कोटींची झाली. २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठा एका कंपनीच्या हातात दिला. लोक रस्त्यावर आले. पाणी ही सार्वजनिक गोष्ट आहे, ती दरवर्षी वाढणाऱ्या पट्टीवर कंपनीला विकू नका, असं बोलले. अखेर जून २०१६ मध्ये सर्वसाधारण सभेला तो करार रद्द करण्याचा निर्णय घ्यावा लागला. हा लोकांचा विजय होता आणि तो आपण विसरलो. डिसेंबर २०२० मध्ये १६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं. पुढे आकडा २७४० कोटींवर गेला. सरकारं बदलली, पालकमंत्री बदलले, शहराचं नाव बदललं; नळाला पाणी यायचा वार काही बदलला नाही.

पाणीपट्टी मात्र वर्षाला ४०५० रुपये होती. मे २०२२ मध्ये आंदोलनं पेटल्यावर ती निम्मी केली. पाणीच निम्म्याहून कमी देता तर पट्टी पूर्ण कशाची, हा साधा हिशोब मोर्चा निघाल्याशिवाय यांच्या डोक्यात शिरत नाही.

आता मूळ मुद्दा. कोर्ट ताशेरे ओढतं, मुदती देतं, अहवाल मागवतं. पण महापालिकेचा रोजचा हिशोब कोर्ट बघत नाही, तो लेखापरीक्षक बघतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ प्रमाणे मुख्य लेखापरीक्षकाने हिशोब तपासून स्थायी समितीला अहवाल द्यायचा असतो. आपल्याकडे काय झालं? एप्रिल २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, आणि निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली पावणेसहा वर्षं प्रशासकच आयुक्त, प्रशासकच स्थायी समिती, प्रशासकच सर्वसाधारण सभा. खर्च करणाराही तोच आणि जाब विचारणाराही तोच! लेखापरीक्षकाने आक्षेप काढला तरी तो कोणापुढे ठेवायचा?

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते, आणि हिशोबाची ताकद त्यांना पक्की ठाऊक होती. मे १९४९ मध्ये संविधान सभेत नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या पदावर चर्चा चालू असताना त्यांनी हे पद कदाचित संविधानातलं सर्वात महत्त्वाचं पद आहे, असं मत मांडलं होतं. आपण बाबासाहेबांच्या डिग्र्या पाठ म्हणतो, पण महापालिकेचं अंदाजपत्रक उघडून बघत नाही.

आणि महाड? चवदार तळ्याचा लढा नगरपालिकेच्या ठरावाचाही लढा होता, हे आपण पोरांना सांगतच नाही. बोले ठराव १९२३ चा. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं अस्पृश्यांना खुलं असल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात पडून राहिला, पाण्याला हात कोणी लावू शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारोंना घेऊन तो ठराव तळ्याच्या काठावर नेला. लगेच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तोच ठराव मागे घेतला. पुढे तळं खासगी की नगरपालिकेचं, यावर दावा चालला आणि १९३७ मध्ये हायकोर्टात आपली बाजू टिकली. म्हणजे रस्ता, ठराव आणि कोर्ट या तिन्ही ठिकाणी बाबासाहेब एकाच वेळी उभे होते. नुसतं कोर्टावर सोडून ते घरी बसले नाहीत.

आपल्याच शहरातलं २०१८ आठवा. नारेगाव-मांडकीच्या लोकांनी तीस वर्षांहून जास्त काळ अख्ख्या शहराचा कचरा, धूर आणि सडका वास सोसला. अर्ज-विनंत्या झाल्या, आश्वासनं मिळाली. १६ फेब्रुवारीला लोकांनी कचऱ्याच्या गाड्याच अडवल्या आणि अख्खी महापालिका उघडी पडली. कचरा हाताळणारे सफाई कामगार बहुतेक आपले. पण मनपाने काय केलं? दुसरी वस्ती शोधायला निघाली. ७ मार्चला मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमार झाला. नारेगावची सुटका म्हणजे मिटमिट्यावर संकट, हा यांचा न्याय. म्हणून "आमच्या वस्तीत नको" एवढी मागणी पुरत नाही. कचऱ्याचं नेमकं काय करणार, कोणत्या पैशाने करणार, हे विचारावं लागतं.

आता नगरसेवक आले आहेत. पण प्रभाग बहुसदस्यीय. एकाकडे गेलात की तो दुसऱ्याचं नाव सांगेल. २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली, म्हणजे वॉर्डातल्या मतदारांनी बसून कामांचा क्रम ठरवायचा. भीमनगरात, मुकुंदवाडीत, उस्मानपुऱ्यात अशी सभा भरलेली कोणी पाहिलीय का? आपले काही कार्यकर्ते नगरसेवकाकडे जातात ते जयंतीच्या डीजेच्या वर्गणीसाठी आणि कमानीसाठी. ज्याच्याकडून वर्गणी घेतली त्याला पाण्याचा हिशोब कोण विचारणार? राग येईल तर येऊ द्या.

कामाला लागायचं असेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो. २०२० ते २०२५ मधले लेखापरीक्षणाचे आक्षेप मागा आणि त्यातले किती निकाली निघाले ते विचारा. आपल्या जलकुंभावरून कोणत्या वस्तीला किती दिवसांनी, किती मिनिटं पाणी सोडलं, ती नोंदवही मागा. शेजारच्या पॉश कॉलनीची पण मागा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर अपील करा. शिवाय नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयात नागरिकांना दप्तर पाहता येतं. एकट्याने जाऊ नका, वस्तीतल्या चार बायांना आणि वाणिज्य शाखेच्या दोन पोरांना सोबत घ्या. जे सापडेल ते बुद्धविहारातल्या रविवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचा, आणि त्या बैठकीला प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना लेखी बोलवा. पत्राची पोच घ्यायला विसरू नका.