एका बेटाचा मुक्काम

अंदमानला पाच-सहा दिवसांच्या साहससहलीसाठी निघणाऱ्या मराठी कुटुंबाच्या हाती जो छापील कार्यक्रम पडतो, त्यात पहिल्या दिवशी सेल्युलर जेल आणि ध्वनिप्रकाशाचा खेळ, दुसऱ्या दिवशी पहाटे बाराटांग, तिसऱ्या दिवशी स्वराज द्वीप, चौथ्या दिवशी शहीद द्वीप, पाचव्या दिवशी पुन्हा राजधानी आणि सहाव्या दिवशी विमान, अशी नावांची भरगच्च मांडणी असते. आणि खर्चिलेल्या पैशाचा पुरेपूर मोबदला मिळावा ही गृहस्थाची इच्छा सर्वस्वी रास्त असल्यामुळे, नावे जितकी अधिक तितकी सहल सफळ, हा हिशेब घरोघरी बिनतक्रार मंजूर होतो. मला हा हिशेब मुळातच चुकीचा वाटतो. सहल जितकी थोड्या दिवसांची, तितकी तिच्यात बेटे थोडी असावीत. राजधानीव्यतिरिक्त एकच बेट निवडून तेथे तीन-चार रात्री सलग मुक्काम करावा, आणि बाकीची नावे, त्यांतले एक तर कायमचेच, मोकळ्या मनाने कार्यक्रमातून वगळावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या द्वीपसमूहात लहानमोठी पाचशेहून अधिक बेटे आहेत आणि मनुष्यवस्ती त्यांपैकी चाळिसांहूनही कमी बेटांवर आहे. चेन्नई किंवा कोलकात्यापासून सुमारे बाराशे-तेराशे किलोमीटर समुद्र ओलांडून पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमला पोहोचावे लागते. त्यामुळे महाराष्ट्रातून जाणाऱ्याचे पहिला आणि शेवटचा असे दोन दिवस बहुतांशी प्रवासातच जमा होतात. तेथून स्वराज द्वीप, म्हणजे ज्याला २०१८ च्या डिसेंबरपर्यंत हॅवलॉक म्हणत, गाठायला वेगवान खासगी बोटीने दीड-दोन तास आणि सरकारी बोटीने त्याहून अधिक वेळ लागतो. परंतु खोली रिकामी करणे, धक्क्यावर वेळेआधी हजर राहणे, सामानाची तपासणी, बोट लागल्यास मुलांना सावरणे आणि नव्या ठिकाणी पुन्हा खोली ताब्यात घेणे ही सारी उस्तवार हिशेबात धरली, म्हणजे एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाण्यात निम्मा दिवस खर्ची पडतो, आणि हा निम्मा दिवस बहुधा सकाळचा, म्हणजे समुद्र शांत आणि पाणी नितळ असण्याच्या घटकेचा असतो.

त्यातच या मुलखातला दिवस आपल्या घड्याळाच्या मानाने फार लवकर उगवतो आणि फार लवकर संपतो. मुंबई आणि अंदमान यांच्या रेखांशांत सुमारे वीस अंशांचे अंतर आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने एक तास वीस मिनिटांचा फरक. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. डिसेंबर-जानेवारीत तेथे पाच-सव्वापाचलाच सूर्य अस्ताला जातो. जे कुटुंब आठला उठून, नाश्ता आटोपून दहाला बाहेर पडण्याची सुटीतली वहिवाट तेथेही चालू ठेवते, त्याच्या वाट्याला दिवसाचा उत्तरार्धच येतो. पहाटे पाचला उठण्याचा ठराव घरी असतानाच सर्वानुमते मंजूर करून घ्यावा, विशेषतः घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या सभासदांकडून.

एका बेटावर चार दिवस काय करायचे, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि त्याचे उत्तर भरती-ओहोटीत आहे. दिवसातून दोनदा पाणी चढते, दोनदा उतरते, आणि ही वेळ रोज सुमारे पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. एलिफंट बीचसारख्या ठिकाणी प्रवाळ पाहायला जायचे किंवा खारफुटीच्या खाडीतून कायाक वल्हवायची, तर पाण्याची ती घटका साधावी लागते. एका दिवसाच्या पाहुण्याला जे पाणी मिळेल ते पत्करावे लागते, आणि चार दिवसांचा पाहुणा मात्र आपल्याला हवे ते पाणी निवडू शकतो. काळोख्या रात्री किनाऱ्यालगतच्या पाण्यात सूक्ष्म जीवांमुळे जो निळसर उजेड फुटतो, तो पाहायची इच्छा असेल तर मुक्काम अमावास्येच्या आसपास पडावा. आपल्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे पंचांग या कामी कोणत्याही प्रवासी पुस्तकाहून अधिक उपयोगी आहे.

शिवाय बेट म्हणजे केवळ किनारा नव्हे. स्वराज द्वीपावरच्या गावांची नावे गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी आहेत, कारण फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांना सरकारने येथे जंगल तोडून जमिनी दिल्या आणि त्यांनी सुपारी-नारळाच्या बागा व भातखाचरे उभी केली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मासळीबाजारात किंवा चहाच्या टपरीवर ओळख पडते, बोलणे निघते, आणि ज्यांच्या आजी-आजोबांनी सर्वस्व गमावून या अनोळखी भूमीवर पुन्हा घर मांडले त्यांच्याकडून मुले जे ऐकतात, ते ऐकण्याची संधी बोटीच्या वेळापत्रकावर डोळा ठेवून बसलेल्या कुटुंबाला कधीच मिळत नाही.

आता प्रत्यक्ष साहसाविषयी. स्कूबा डायव्हिंग हे आज अंदमानचे मुख्य आकर्षण झाले आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आस्था आहे. परंतु ते पैसे भरून विकत घेण्याची वस्तू आहे ही समजूत घातक आहे. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा भार एका वातावरणाएवढा वाढतो, म्हणजे दहा मीटरवर शरीरावरचा दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो. हा दाब प्रथम कानाला जाणवतो. नाक दाबून हलकेच फुंकर मारीत तो सतत समतोल करावा लागतो, आणि ज्याला सर्दी झाली आहे त्याला तो करता येत नाही. म्हणून आदल्या दिवशी पोराचे नाक वाहू लागले तर डुबकी तहकूब करावी, अगाऊ भरलेल्या रकमेकडे पाहू नये; आणि तहकूब केलेली डुबकी परवा घेण्याची मुभा केवळ त्याच कुटुंबाला असते, ज्याचा मुक्काम परवाही तेथेच आहे. प्रथमच उतरणाऱ्यासाठी किमान वय दहा वर्षे असावे असा मान्यताप्राप्त संस्थांचा दंडक आहे. आठ वर्षांच्या मुलाचे वय वाढवून सांगणारे पालक असतात. त्यांना मी इतकेच विनवीन की, मुलाच्या देहाविषयी खोटी कैफियत लिहून देऊ नका. दमा, हृदयविकार, कानाची जुनी दुखणी, चालू औषधे यांविषयी जो प्रश्नांचा कागद भरून घेतात, तोही सही ठोकून परत करण्याचा नसून घरच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, निघण्यापूर्वी विचारपूर्वक भरण्याचा आहे.

पूर्वतयारीला महाराष्ट्रातच उत्तम जागा आहेत. तारकर्लीला राज्य पर्यटन विकास महामंडळाचे पाण्याखालच्या क्रीडांचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात तोंड घालून प्रवाळ पाहण्याचा पहिला अनुभव थोड्या खर्चात मिळतो. त्याहीपूर्वी गावातल्या तरणतलावावर जाऊन घरातल्या प्रत्येकाने पाण्यावर स्वस्थ तरंगायला शिकावे. ज्या मुलीने तीन महिने तलावात श्वासावर ताबा मिळवला, तिला अंदमानच्या पाण्यात भीतीशी झगडण्यात वेळ दवडावा लागत नाही, आणि तिची दृष्टी पोपटमाशाच्या चोचीकडे, प्रवाळाच्या फटीत दडलेल्या विदूषक माशाकडे मोकळी राहते. प्रवाळाला स्पर्श करू नये, त्यावर पाय ठेवू नये, ही ताकीदही घरीच द्यावी: त्याच्या काही जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात, आणि २०१० व २०१६ साली पाणी तापल्यामुळे येथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले, जे उरले आहे ते आपल्या मुलांच्या पायांखाली तुटू नये. मेलेल्या प्रवाळाचा तुकडा सामानात बांधून आणणे हा तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाच आहे. खाऱ्या पाण्यातल्या मगरींचेही येथे वास्तव्य असून २०१० मध्ये राधानगरनजीक एका परदेशी प्रवासी स्त्रीचा मगरीने बळी घेतला. म्हणून जेथे पोहण्यास मनाईचा फलक असेल तेथे घोटाभर पाण्यातही उतरू नये.

डुबकीचा आणखी एक नियम सहलीची सारी मांडणी ठरवून टाकतो. खोल पाण्यात दाबाखाली घेतलेल्या श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडतो. विमानात हवेचा दाब कमी असल्यामुळे, घाई केल्यास त्याचे बुडबुडे होऊन देहाला इजा होण्याचा संभव असतो. म्हणून एका डुबकीनंतर निदान बारा आणि अनेक डुबक्यांनंतर निदान अठरा तास विमानात बसू नये. याचा अर्थ असा की शेवटचा एक पूर्ण दिवस समुद्राबाहेर, राजधानीत काढावा. आणि तोच दिवस सेल्युलर जेलला द्यावा. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या त्या इमारतीच्या मध्यवर्ती मनोऱ्यापासून निघालेल्या सात भुजांपैकी आज तीनच उभ्या आहेत. साडेतेरा फूट लांब, सात फूट रुंद अशा एकेका कोठडीत एकेक मनुष्य वर्षानुवर्षे डांबलेला असे. गणेश आणि विनायक हे दोघे सावरकर बंधू याच भिंतींआड होते, त्यांपैकी विनायकराव १९११ च्या जुलैपासून १९२१ पर्यंत. मराठी कुटुंब या ठिकाणी श्रद्धेने जाते, पण विमानातून उतरल्याच्या संध्याकाळी, थकलेल्या मुलांना ओढीत, दीड तासात उरकून येते. चार दिवस समुद्राशी सलगी केलेले मूल जेव्हा त्या गच्चीवर उभे राहते, तेव्हा ज्या पाण्यात ते स्वेच्छेने उतरले तेच पाणी त्या बंदिवानांना भिंतीहून अधिक दुर्लंघ्य होते हे त्याला सांगावे लागत नाही. विनायकरावांची ‘माझी जन्मठेप’ सहलीपूर्वी घरात वाचली गेली असेल, तर मग मार्गदर्शकाचीही गरज उरत नाही.

आणि बाराटांग? चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचे ज्वालामुखी ही निसर्गाची नवले खरीच. पण तेथे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा लोकांच्या राखीव अरण्यातून जातो. ठरावीक वेळी, पोलीस बंदोबस्तात, मोटारींचे तांडे तेथून सोडले जातात. थांबणे, छायाचित्र घेणे, खाद्यपदार्थ देणे यांस कायद्याने सक्त मनाई आहे. जारवांची संख्या अवघी काहीशे आहे. बाहेरच्यांशी त्यांचा मोकळा संपर्क १९९७-९८ पासूनचा, आणि १९९९ मध्येच त्यांच्यात गोवराची साथ पसरली. या राखीव भागातला रस्ता बंद करावा असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा हुकूम आहे, तरी वाहतूक चालूच राहिली. आणि २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना पर्यटकांपुढे नाचायला लावल्याची चित्रफीत साऱ्या जगाने पाहिली. गुहांचे नाव सांगून निघालेल्या मोटारीत काचेला नाक लावून ‘दिसले का कुणी’ असे विचारणारी मुले आणि त्यांना न रोखणारे वडीलधारे यांचे चित्र मला अत्यंत लज्जास्पद वाटते. दुसऱ्या माणसाला त्याच्या घरात जाऊन प्राण्यासारखे न्याहाळणे याला साहस म्हणता येत नाही. समुद्रमार्गे बाराटांगला जाता येत असेल तर गोष्ट निराळी. या रस्त्याने मात्र कोणत्याही मराठी कुटुंबाने जाऊ नये, आणि सहल आखणाऱ्यांनी हे नाव आपल्या छापील कार्यक्रमातून काढून टाकावे.

तारखेचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो एकट्या कुटुंबाच्या हाती नाही. आपल्या शाळांच्या दोन मोठ्या सुट्या दिवाळीत आणि मे महिन्यात पडतात. दिवाळीच्या सुमारास बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा आणि ईशान्य मोसमी पावसाचा अंमल असतो. मे महिन्यात पुन्हा वादळे होतात, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळच्याही आधी अंदमानला येऊन ठेपतो. डिसेंबरही निर्धास्त नाही: २०१६ च्या डिसेंबरात खराब हवेमुळे स्वराज आणि शहीद या दोन द्वीपांवर हजाराहून अधिक प्रवासी अडकून पडले आणि त्यांच्या सुटकेसाठी नौदलाला जहाजे धाडावी लागली. समुद्र सर्वांत शांत व पाणी सर्वांत नितळ असते ते जानेवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत, म्हणजे नेमके परीक्षांच्या हंगामात. परिणामी नोकरदार आई-बाप चुकीच्या महिन्यात जातात, बोट रद्द झाली की हळहळतात, आणि समुद्राला दोष देतात.

परीक्षा संपल्याबरोबर एप्रिलच्या अखेरीस निघावे, हा आजच्या स्थितीत व्यवहार्य मार्ग. ऊन कडक असते, पण समुद्र बहुधा अनुकूल असतो. मात्र त्याहून चांगली तोड शाळांच्या आणि शिक्षणखात्याच्या हाती आहे. दहावी-बारावीचे वर्ष वगळता, प्रत्येक विद्यार्थ्याला जानेवारी-फेब्रुवारीत, कुटुंबासमवेत प्रवासासाठी, सलग चार दिवसांची रजा हक्काने मिळावी; ती मागताना पालकांना आजारपणाचा खोटा दाखला जोडावा लागू नये; आणि प्रजासत्ताकदिनाला लागून ती घेण्याची मुभा असावी, म्हणजे आठवडाभराचा अवधी सहज जुळून येतो. मुख्याध्यापकांनी हवी तर अट घालावी की परत आल्यावर मुलाने भरतीच्या वेळांची नोंद आणि सेल्युलर जेलचा वृत्तांत वर्गापुढे मांडावा. पुढील वर्षाचे वेळापत्रक ठरवण्याच्या बैठका आता शाळाशाळांतून होतील. पालक-शिक्षक संघांनी ही तजवीज त्या बैठकीत लेखी मांडावी.