पत्रिकेवरच्या पांढऱ्या पट्टीबद्दल

चिखली, जि. बुलढाणा

मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
महिला दिन सत्कार समिती यांस,



आपल्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर माझ्या बहिणीचं नाव छापलं होतं. पत्रिका हातात आली तेव्हा त्या नावावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली होती. उजेडात धरली की खालचं ‘सिस्टर’ वाचता येत होतं. मी फोन केला, तर आपल्यातलेच एक जण म्हणाले, "भाऊ, सध्या वातावरण बरोबर नाही. मिशनरीचा सत्कार केला तर लोक विचारतील." लोक काय विचारतील ते मला चौकात कळलं. किती जणांना बाटवलं आणि डॉलर किती मिळतात.

मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. ताई ख्रिस्ती सिस्टर आहे आणि दक्षिण सुदानमधल्या वाव शहरात काम करते. त्या देशातले निम्म्याहून अधिक लोक आधीपासूनच ख्रिस्ती आहेत. डिसेंबर २०१३ मध्ये तिथे यादवी पेटली, ती राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांचेच माजी उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांच्यात. दोघेही ख्रिस्तीच. एप्रिल २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये त्या दोघांच्या पायांवर ओठ टेकून शांततेत राहा म्हणून विनवणी केली होती. मग ताई तिथे बाटवणार कोणाला? आणि सिस्टर होताना गरिबीचं व्रत घ्यावं लागतं. तिच्याकडून घरी एक रुपया येत नाही. आमच्या घरावर स्लॅब पडला तो सोयाबीनच्या पैशातून आणि सोसायटीच्या कर्जातून.

ती तिथे नर्स आणि सुईणी तयार करते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२० सालच्या अंदाजानुसार त्या देशात एक लाख जन्मांमागे १,२०० हून जास्त बाया बाळंतपणात दगावत होत्या. आपल्या देशात तेव्हा हा आकडा शंभराच्या आसपास होता. पहाटेची प्रार्थना झाली की ताई आधी टाकीतलं पाणी बघते, मग जनरेटरचं डिझेल. डिझेल संपलं की बाळंतपण कपाळाला बांधलेल्या बॅटरीच्या उजेडात. पावसाळ्यात रस्ते चिखलात बुडतात. मग बाईला घेऊन येणारे दोन-दोन दिवस चालत येतात, आणि कधी पोचायला उशीर झालेला असतो. जेवायला तिथेही ज्वारीच. फक्त पीठ आंबवून तव्यावर पातळ पसरतात, त्याला किसरा म्हणतात. "आपल्या भाकरीची सय येते," एवढी एकच तक्रार तिने आजवर केली.

तिच्या वर्गात डिंका, नुएर, झांडे अशा वेगवेगळ्या जमातींच्या मुली आहेत. बाहेर त्यांचेच भाऊबंद एकमेकांवर बंदुका रोखतात. वसतिगृहात खाटा वाटताना ताई त्या मुद्दाम मिसळून वाटते. पहिले काही दिवस मुली रात्रभर जाग्या राहतात. मग एखादीला मलेरियाचा ताप भरतो आणि शेजारच्या खाटेवरची उठून तिला पाणी पाजते. हे सांगताना ताईचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता.

मे २०१६ मध्ये येई गावात सिस्टर वेरोनिका रात्स्कोवा या स्लोव्हाक डॉक्टरवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. अडलेल्या बाईला दवाखान्यात पोचवून रात्री रुग्णवाहिका चालवत त्या परत येत होत्या. काही दिवसांनी नैरोबीत त्या वारल्या. जूनमध्ये खुद्द वावमध्ये लढाई झाली, लोक अंथरुणं डोक्यावर घेऊन चर्चच्या आवारात शिरले. जुलैत राजधानी जुबा पेटली. भारत सरकारने ‘ऑपरेशन संकटमोचन’ करून दोन विमानं धाडली. माझी आई फोनवर रडत होती, "ये वो माय, ये आता." ताई म्हणाली, "या पोरींना कोणाच्या हवाली करून येऊ?" आणि ती राहिली.

पुलवामाच्या हल्ल्यात आपल्या जिल्ह्यातले जवान, मलकापूरचे संजय राजपूत आणि चोरपांग्र्याचे नितीन राठोड गेले, तेव्हा अख्खा जिल्हा रडला. मीही रस्त्यावर उभा होतो. ताईला मी जवानांच्या पंक्तीला बसवत नाही. पण जिवावर उदार होऊन परक्या माणसांसाठी थांबणाऱ्या बाईला आपल्याच गावाने पगार विचारावा, हे माझ्या काळजाला लागलं आहे. धर्मांतराबद्दल तुमचं मत काहीही असो, त्यावर मी बसून बोलायला तयार आहे. पण एका बाईचं नाव छापायचं, ते तिच्या घरच्यांना दाखवायचं आणि मग झाकायचं, याला काय म्हणायचं? समितीत शाळेत तिच्याच वर्गात असलेल्या दोघी आहेत. लहानपणी आमच्या घरी त्या जेवल्या आहेत. त्यांचा साधा फोनसुद्धा आला नाही.

सत्कार नको. शाल-नारळ तर तिने मागितलाच नव्हता. ज्यांनी पट्टी चिकटवायला सांगितली त्यांनी घरी यावं आणि चौकातले प्रश्न तिला समोर बसून विचारावेत. ती या महिनाअखेरपर्यंत इथे आहे. दुपारी आईच्या औषधांसाठी बाहेर असते, पाचनंतर घरीच.

आपला,
तिचा धाकटा भाऊ